परदेशातून विद्यापीठाला देणगी: सगळ्यांची वर्गणी एकाच्या खात्यात गोळा करावी का?

मुळाकाठ (प्रश्न)

पुण्यातल्या एका राज्य विद्यापीठात, आमच्या जुन्या विभागासाठी, बॅचतर्फे शिष्यवृत्ती निधी उभा करायचा आहे. उद्दिष्ट ४०,००० डॉलर, देणगीदार २२. अमेरिकेत १६ जण आहेत: ९ जणांकडे भारतीय पासपोर्ट, ७ जण अमेरिकी नागरिक आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) कार्डाचे धारक. ब्रिटनमध्ये ४ जण, सगळे भारतीय पासपोर्टवर. दुबईत २, तेही भारतीय पासपोर्टवरच.

सध्याचा बेत असा: सगळ्यांनी न्यू जर्सीतल्या एकाच्या खात्यात झेलने (अमेरिकी बँकांच्या पैसे पाठवण्याच्या सोयीने) पैसे टाकायचे आणि त्याने एकरकमी विद्यापीठाच्या खात्यात पाठवायचे. विद्यापीठ ८०जी ची, म्हणजे भारतीय प्राप्तिकरातल्या देणगी वजावटीची, पावती द्यायला तयार आहे.

ही पावती अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये चालते का? दोघांना रोख रकमेऐवजी कंपनीचे शेअर द्यायचे आहेत, ते कसे द्यावेत? आणि एकाच रकमेत पैसे पाठवण्यात कायद्याची काही अडचण आहे का?

हिशेबनीस

वर्गणी गोळा करायला सुरुवात झाली असेल तर आजच थांबवा. हा बेत कराच्या दृष्टीने तोट्याचा आहेच, पण त्याहून मोठी अडचण भारतातल्या परकीय देणगी कायद्याची, म्हणजे एफसीआरएची आहे. त्यावर कोणीतरी सविस्तर लिहीलच. मी अमेरिकेच्या कराबद्दल सांगतो.

८०जी ची पावती अमेरिकेत कामाची नाही. तिथल्या प्राप्तिकरात देणगीची वजावट मिळायची तर घेणारी संस्था अमेरिकेत स्थापन झालेली, ५०१ सी ३ (करमुक्त धर्मादाय) दर्जाची लागते. विद्यापीठ कितीही जुने आणि नामवंत असो, पैसे थेट पुण्याला गेले की वजावट शून्य. करारामुळे अपवाद आहे तो फक्त कॅनडा, मेक्सिको आणि इस्राएलमधल्या संस्थांचा, तोही अटींसह. भारताशी असलेल्या करारात असे कलम नाही. म्हणूनच परदेशी विद्यापीठे अमेरिकेत आपली वेगळी संस्था काढतात: ऑक्सफर्डसाठी अमेरिकन्स फॉर ऑक्सफर्ड, केंब्रिजसाठी केंब्रिज इन अमेरिका, आयआयटी मुंबईसाठी आयआयटी बॉम्बे हेरिटेज फाउंडेशन. तुमच्या विद्यापीठाची अशी संस्था आहे का, हे आधी विचारा. नसेल तर गिव्हटूएशिया किंवा सीएएफ अमेरिका यांसारख्या मध्यस्थ संस्था असतात. त्या भारतातल्या संस्थेची छाननी करतात, आपले शुल्क कापून घेतात आणि रक्कम पुढे पाठवतात. छाननीला काही आठवडे जातात आणि शुल्क रकमेनुसार बदलते, म्हणून पैसे देण्याआधी दोन्ही गोष्टी लेखी घ्या.

स्वतःची नवी ५०१ सी ३ संस्था काढायचा मोह होईल. ४०,००० डॉलरसाठी काढू नका. त्या दर्जाच्या अर्जाचे, म्हणजे फॉर्म १०२३ चे, सरकारी शुल्कच ६०० डॉलर आहे. शिवाय राज्याची नोंदणी, दरवर्षीचे विवरणपत्र आणि भारतात गेलेल्या पैशाच्या विनियोगाची नोंद ठेवण्याची जबाबदारी, हे सगळे एका निधीसाठी झेपत नाही.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मध्यस्थ संस्थेला देताना "ही रक्कम अमुक विद्यापीठालाच द्यावी, ही अट आहे" असे लिहू नका. "अमुक विद्यापीठातील शिष्यवृत्तीसाठी ती वापरावी अशी शिफारस करतो" असे लिहा. पैशावर पूर्ण ताबा अमेरिकी संस्थेचा असायला हवा. संस्था नुसती टपालपेटी ठरली की वजावट नाकारली जाते. कोणा विशिष्ट विद्यार्थ्याचे नाव सुचवले, आणि त्यातही तो नात्यातला असेल, तर तो सरळ वैयक्तिक खर्च धरला जातो.

झेलच्या बेतात तर अमेरिकेतल्या बाकी १५ जणांनी एका मित्राला पैसे भेट दिले, एवढाच अर्थ निघतो. त्या मित्रालाही वजावट नाही, कारण त्याने पैसे परदेशी संस्थेला दिले.

खतावणी

विद्यापीठांच्या लेखा विभागात येणाऱ्या परदेशी रकमांचे कागद बघतो, त्यामुळे भारताची बाजू लिहितो.

परकीय योगदान (विनियमन) कायदा २०१०, म्हणजेच एफसीआरए, यात रक्कम कोणत्या चलनात आली याला महत्त्व नाही, ती कोणाची आहे याला आहे. भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवते तेव्हा ते परकीय योगदान मानले जात नाही. ओसीआय कार्डधारक मात्र परदेशी नागरिक आहे. त्याने पुण्यातल्या आपल्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यातून रुपयात चेक दिला तरी तो परकीय स्रोतच. ही चूक सर्रास होते, कारण "रुपयात दिले म्हणजे देशी" असाच सगळ्यांचा समज असतो.

आता तुमच्या बेताचे बघा. सात ओसीआय मित्रांचे पैसे एका भारतीय पासपोर्टवाल्याच्या खात्यातून आले म्हणून देशी होत नाहीत. कायद्यात "थेट किंवा एक वा अधिक व्यक्तींमार्फत" असा शब्दप्रयोग आहे. बँकेने किंवा लेखापरीक्षकाने स्रोत विचारला तर उत्तरादाखल तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची यादीच पुढे येईल, आणि अडचणीत विद्यापीठ येईल, देणगीदार नाही.

हिशेबनीस यांनी सांगितलेल्या मार्गालाही हेच लागू होते, आणि नेमके हेच लोकांच्या लक्षात येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याने अमेरिकी संस्थेमार्फत पैसे दिले की देणगीदार ती संस्था ठरते. म्हणजे जी रक्कम थेट पाठवली असती तर एफसीआरएच्या बाहेर राहिली असती, ती करसवलतीसाठी वळवल्यामुळे परकीय योगदान होते. एका देशात कर वाचवणारा रस्ता दुसऱ्या देशाच्या दारात अडू शकतो. म्हणून सगळ्यात आधी विद्यापीठाच्या वित्त व लेखा अधिकाऱ्यांना ईमेलने एकच प्रश्न विचारा: "परकीय योगदान आपण कोणत्या आधारावर स्वीकारता?"

उत्तर तीनपैकी एक येईल. पहिले, एफसीआरएतून सूट. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे लेखापरीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून सक्तीने होते अशा संस्थांना गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेने सूट आहे. आयआयटी यात बसतात. राज्य विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेले असते, पण लेखापरीक्षणाची अट ते पूर्ण करते का हे गृहीत धरू नका, अधिसूचनेची प्रत मागा. बँकही तीच मागते.

दुसरे, एफसीआरए नोंदणी. असेल तर नोंदणी क्रमांक घ्या आणि मुदत बघा. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरण रखडलेल्या संस्था कमी नाहीत. नोंदणीकृत संस्थेला परकीय रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच घेता येते. पुण्यातल्या नेहमीच्या खात्याचा क्रमांक कोणी दिला तर तिथेच थांबा.

तिसरे उत्तर "दोन्ही नाही". मग ओसीआय मित्र आणि परदेशी संस्था यांचे पैसे विद्यापीठाला घेताच येत नाहीत. तुमच्याकडच्या १५ भारतीय पासपोर्टधारकांनी आपापल्या खात्यातून थेट द्यायचे आणि परदेशातली करसवलत सोडायची, एवढेच उरते. एखाद्या नोंदणीकृत सेवाभावी संस्थेकडे पैसे देऊन तिच्यामार्फत विद्यापीठाला वळवण्याचा जुना मार्ग सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. एका संस्थेला मिळालेले परकीय योगदान दुसरीला हस्तांतरित करता येत नाही.

माजी विद्यार्थी संघटनेबद्दलही सावध राहा. ती बहुधा स्वतंत्र नोंदणी असलेली संस्था असते. विद्यापीठाची सूट किंवा नोंदणी तिला लागू होत नाही. लेटरहेडवर विद्यापीठाचे बोधचिन्ह असले तरी खाते कोणाच्या नावाचे आहे ते वाचा.

पैसे पाठवताना बँक हेतूचा कोड विचारते. धर्मादाय संस्थेसाठी पी१३०३, सरकारने स्थापन केलेल्या धर्मादाय संस्थेसाठी पी१३०४. यांपैकी कोणता लिहायचा हे विद्यापीठाच्या बँकेला विचारा. मोबाइल ॲपमध्ये आपोआप येणारा "कुटुंबाचा निर्वाह", म्हणजे पी१३०१, तसाच राहिला की रक्कम खुलाशासाठी अडकते किंवा परत जाते. तारेने (वायर ट्रान्सफरने) पाठवत असाल तर सगळे शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय घ्या. नाहीतर मधली बँक आपले शुल्क कापते, पावती कमी रकमेची निघते आणि तुमच्या यादीशी आकडा जुळत नाही.

टेम्सकाठचा

ब्रिटनमधल्या चौघांसाठी. गिफ्ट एड, म्हणजे देणगीवरची ब्रिटिश करसवलत, फक्त ब्रिटनमधल्या पात्र धर्मादाय संस्थेला दिलेल्या पैशावर मिळते. युरोपीय संघातल्या संस्थांनाही एप्रिल २०२४ पासून ते लागू नाही, भारताचा तर प्रश्नच नाही. म्हणून इथेही मध्यस्थ लागतो: विद्यापीठाची ब्रिटनमध्ये नोंदलेली संस्था, किंवा चॅरिटीज एड फाउंडेशनचे खाते. हा मार्ग धरला की खतावणी यांनी सांगितलेली अट लागू: देणगीदार ब्रिटिश संस्था, म्हणजे परकीय योगदान.

हिशेब असा. तुम्ही १,००० पौंड दिलेत तर संस्था सरकारकडून २५० घेते, तिच्याकडे १,२५० होतात. तुम्ही ४० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर विवरणपत्रात आणखी २५० मागता. तुमच्या खिशातून गेले ७५०. मात्र त्या वर्षी तुम्ही भरलेला कर किमान २५० पौंड असला पाहिजे, नाहीतर फरक तुमच्याकडून वसूल होतो. घरी पगार एकाचाच असेल तर देणगी त्याच्याच नावावर द्या.

खरा फायदा १,००,००० ते १,२५,१४० पौंड उत्पन्नाच्या पट्ट्यात आहे, कारण तिथे वैयक्तिक करमुक्त मर्यादा हळूहळू कापली जाते. समजा उत्पन्न १,१०,००० आहे. ८,००० पौंड दिले की ढोबळ (गिफ्ट एडसह) देणगी १०,००० धरली जाते आणि समायोजित उत्पन्न बरोबर १,००,००० वर येते. वरच्या दराची सवलत २,००० आणि परत मिळालेल्या ५,००० च्या करमुक्त मर्यादेवरचे २,००० मिळून ४,००० पौंड वाचतात. संस्थेकडे १०,००० आणि तुमचा खर्च ४,०००. हे इंग्लंडचे आकडे, स्कॉटलंडमध्ये दर वेगळे आहेत. लहान मुलांच्या पाळणाघराची सरकारी मदत एका पालकाचे उत्पन्न १,००,००० च्या वर गेले की बंद होते, त्यामुळे तरुण पालकांना याचा दुहेरी उपयोग.

विवरणपत्र अजून भरले नसेल तर या वर्षीची देणगी मागच्या करवर्षात दाखवता येते. पण पहिल्याच विवरणपत्रात दाखवावी लागते, नंतर दुरुस्ती करून नाही.

कोणी अमेरिकी नागरिक असून ब्रिटनमध्ये कर भरत असेल तर त्याच्यासाठी सीएएफ अमेरिकन डोनर फंड नावाची सोय आहे. एकाच देणगीवर दोन्ही देशांत सवलत घेता येते.

देवघेव

दुबईतल्या दोघांचे काम सर्वात सोपे. तिथे व्यक्तीच्या पगारावर प्राप्तिकर नाही, म्हणजे वाचवायला कर नाही. भारतीय पासपोर्ट आहे, म्हणजे एफसीआरए नाही. प्रत्येकाने स्वतःच्या एनआरई (परदेशातल्या कमाईच्या) किंवा एनआरओ खात्यातून थेट विद्यापीठाला द्यावे, सोबत पासपोर्टची प्रत आणि "रक्कम माझ्या वैयक्तिक बचतीतली आहे" असे पत्र.

८०जी चा उपयोग भारतात करपात्र उत्पन्न असेल तरच, आणि तोही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. पण वजावटीसाठी जुनी प्रणाली निवडण्याआधी बेरीज करून बघा. समजा घरभाड्याचे (३० टक्के वजावटीनंतरचे) आणि एनआरओ ठेवीच्या व्याजाचे मिळून उत्पन्न १२ लाख आहे आणि १ लाख रुपये देणगी दिली. बहुतेक संस्थांना ५० टक्के वजावट असते, उत्पन्नाच्या १० टक्के मर्यादेत. म्हणजे ५०,००० वजा. जुन्या प्रणालीत उरलेल्या साडेअकरा लाखांवर उपकरासह कर १,६३,८०० रुपये. नव्या प्रणालीत, देणगी न दाखवता, २०२५-२६ च्या दरांनी तोच कर ६२,४००. अनिवासी व्यक्तीला ८७ए ची (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावरची) करसूट मिळत नाही, तरीही नवी प्रणाली लाखभर रुपयांनी स्वस्त पडते. गृहकर्जाचे व्याज आणि ८०सी (बचत-गुंतवणुकीची वजावट) मिळून मोठी वजावट असेल तरच जुनीचा विचार करावा.

शेअर किंवा घर विकून आलेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर ८०जी चालत नाही. वजावट घ्यायची असेल तर २,००० रुपयांहून अधिक रोख देऊ नका, आणि साध्या पावतीवर समाधान मानू नका. २०२५-२६ मधल्या देणगीसाठी विद्यापीठाने फॉर्म १०बीई चे प्रमाणपत्र द्यायला हवे. विवरणपत्रात त्यावरचा क्रमांक लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून पुढच्या पावतीवर "८०जी" दिसले नाही तर घाबरू नका.

मुळाकाठ

मनापासून आभार. झेल थांबवले आहे. वित्त व लेखा अधिकाऱ्यांना ईमेल गेले आणि विद्यापीठाकडे एफसीआरए नोंदणी आहे, मुदतही शिल्लक आहे, असे उत्तर आले. आता शेअरचे सांगा. एका जोडप्याचे एजीआय (अमेरिकी विवरणपत्रातले समायोजित ढोबळ उत्पन्न) साधारण ३,००,००० डॉलर आहे. दरवर्षी ५,००० द्यायचा त्यांचा विचार होता. दुसऱ्याच्या कंपनीत देणगीला तेवढीच भर घालण्याची योजना आहे.

हिशेबनीस

नोंदणी चालू आहे हे फार चांगले झाले, अमेरिकी मार्ग मोकळा झाला.

या जोडप्याने दरवर्षी ५,००० देऊ नयेत. २०२६ ला एकत्र विवरणपत्र भरणाऱ्यांची प्रमाणित (खर्च एकेक न दाखवता सरसकट मिळणारी) वजावट ३२,२०० डॉलर आहे. समजा राज्याचा व घराचा कर १४,००० आणि गृहकर्जाचे व्याज १०,०००, मिळून २४,०००. त्यात ५,००० घातले तरी २९,०००, म्हणजे प्रमाणित वजावटच मोठी. २०२६ पासून अशा जोडप्यांना रोख देणगीचे २,००० डॉलर वेगळे वजा करता येतात, पण तेवढेच.

पाच वर्षांचे २५,००० एकाच वर्षी दिले तर? २०२६ पासून एजीआयच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची देणगी धरली जात नाही, इथे ते १,५०० होतात. उरले २३,५००. एकूण ४७,५००, प्रमाणित वजावटीपेक्षा १५,३०० ने जास्त. २४ टक्क्यांनी ३,६७२ डॉलर कर वाचला. विद्यापीठाला मात्र दरवर्षी ५,००० च हवे असतील तर रक्कम डोनर ॲडव्हाइज्ड फंडात (धर्मादाय संस्थेकडच्या देणगी खात्यात) ठेवायची: वजावट आज, अनुदान हप्त्याहप्त्याने. त्या फंडाची संचालक संस्था भारतात अनुदान देते का, आणि किमान रक्कम किती, हे खाते उघडण्याआधी विचारा. काही संस्था थेट परदेशात देत नाहीत, तेव्हा वरच्या मध्यस्थांकडेच यावे लागते.

आणि हे २५,००० रोख न देता शेअर द्या. समजा ९,००० ला घेतलेले शेअर आज २५,००० चे आहेत. विकले तर १६,००० नफ्यावर १५ टक्के कर २,४०० आणि गुंतवणुकीवरचा ३.८ टक्के जादा कर ६०८, असे ३,००८ डॉलर जातील, राज्याचा कर वेगळा. शेअर तसेच दिले तर हा कर नाही आणि वजावट पूर्ण बाजारभावाची. शेअर एक वर्षाहून अधिक काळ जवळ असले पाहिजेत. वर्षाच्या आतल्यांना फक्त खरेदी किंमत धरतात. तोट्यातले शेअर मात्र कधीही देऊ नका, ते विकून तोटा आपल्याकडे ठेवा आणि रोख द्या. शेअरच्या वजावटीला एजीआयच्या ३० टक्के मर्यादा आहे, उरलेली रक्कम पुढची पाच वर्षे नेता येते.

जास्तीत जास्त चुका होतात त्या तारखेत. शेअर संस्थेच्या खात्यात जमा झाले त्या दिवशी देणगी झाली असे धरतात, तुम्ही दलालाला फॉर्म दिला त्या दिवशी नाही. ३१ डिसेंबर गाठायचा असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच हस्तांतर सुरू करा. आणि संस्थेला आधी कळवा: कोणते शेअर, किती, कोणाकडून. हस्तांतरात देणगीदाराचे नाव पुष्कळदा पोचत नाही, आणि शेअर बेवारस पडून राहतात. विवरणपत्रासोबत फॉर्म ८२८३ (रोख नसलेल्या देणगीचा) लागेल. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक देणगीची लेखी पोच विवरणपत्र भरण्याआधी हातात हवी.

कंपनीची जोडदेणगी हवी असणाऱ्याने फंडातून देऊ नये, बहुतेक कंपन्या फंडाच्या अनुदानावर भर घालत नाहीत. त्याने कंपनीच्या देणगी संकेतस्थळावर मध्यस्थ अमेरिकी संस्था शोधून तिथूनच द्यावे. पुण्यातल्या विद्यापीठाचे नाव तिथे थेट दिसले तरी अमेरिकी संस्थेकडेच पैसे जातात ना, ते पाहावे.

तुमच्यात कोणाचे वय साडेसत्तर असेल, किंवा वडीलधाऱ्यांना द्यायचे असेल, तर निवृत्ती खात्यातून म्हणजे आयआरएतून थेट देण्याची सोय आहे. २०२६ ला मर्यादा १,११,००० डॉलर. ती रक्कम उत्पन्नातच धरली जात नाही, त्यामुळे प्रमाणित वजावट घेणाऱ्यांनाही पूर्ण फायदा. फक्त ती डोनर ॲडव्हाइज्ड फंडात जाऊ शकत नाही.

खतावणी

एक गोष्ट राहिली. मध्यस्थ संस्थेचे नाव पक्के झाले की ते विद्यापीठाला आणि त्यांच्या बँकेला आधी कळवा. गृह मंत्रालयाने काही परदेशी देणगीदार संस्थांना पूर्वपरवानगीच्या यादीत टाकले आहे. त्यांतली असेल तर रक्कम दिल्लीच्या खात्यात येऊन थांबते.

भारतीय पासपोर्टवाल्यांपैकी ज्यांना करसवलतीची गरज नाही त्यांनी पुण्यातल्या साध्या खात्यात थेट द्यावे. त्या रकमा आणि परकीय योगदान एकाच खात्यात मिसळता येत नाही. म्हणून शिष्यवृत्तीच्या सामंजस्य करारात एकाच नावाच्या निधीची दोन लेखाशीर्षे करून घ्या: एक देशी, एक परकीय. दोन्हींचे व्याजही वेगळे मोजले जाते, परकीय मुदत ठेवीचे व्याज परकीयच राहते. करारावर कुलसचिवांची सही घ्या, विभागप्रमुखांची पुरत नाही, आणि मूळ रक्कम राखून फक्त व्याज वाटायचे की मुद्दलही खर्च करायचे हे त्यातच लिहा. ते लिहिले नसेल तर दोन वर्षांनी लेखा विभाग मुद्दल सर्वसाधारण निधीत दाखवतो, आणि मग ते वेगळे काढायला व्यवस्थापन परिषदेचा ठराव लागतो.